उजव्या डोळ्यातला धूमकेतू

शेडबाईंना आयुष्यात दोनच प्रकारच्या माणसांचा मनापासून राग. एक, "जवळपास सारखंच आहे की" असं म्हणणारी. आणि दुसरी, गच्चीवर विनाकारण दिवा लावून ठेवणारी. बाकी चोर, लबाड, उधळे, सगळ्यांना त्या समजून घेत.

शेडबाई हे नाव कारखान्यातलं; शेड म्हणजे रंगाची छटा. कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, आणि तिथे त्यांचं काम एकच. गिऱ्हाइकाने नमुन्याचा कपडा पाठवायचा, खाली हौदात तसा रंग तयार व्हायचा, आणि दोन्ही तुकडे बाईंसमोर यायचे. आधी खिडकीच्या उजेडात, मग ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली. तिन्ही ठिकाणी जुळलं तरच बाईंच्या तोंडून "हो" निघायचं. मालक घाईला आला, ट्रक दारात उभा राहिला, गिऱ्हाईक फोनवर ओरडू लागलं, तरी दोन दिव्यांवर "हो" म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. पांढऱ्याच्या सतरा छटा असतात असं त्या सांगत, आणि ऐकणारा हसला की कपाटातून सतराच्या सतरा काढून त्याच्यासमोर मांडत.

धूमकेतू त्यांच्या आयुष्यात आला तो याच कामामुळे. कारखान्यातल्या एका केमिस्टला दुर्बिणीचा नाद होता. एका संध्याकाळी त्याने चार जणांना गच्चीवर नेऊन एक धूमकेतू दाखवला. बाकीच्यांनी "वा, छान" म्हटलं आणि चहाला गेले. बाई मात्र डोळा लावून उभ्याच. मग म्हणाल्या, "तो डावीकडचा तारा आहे ना, त्याच्याहून हे कणभर फिकं आहे. आणि खालच्या ताऱ्याहून कणभर उजळ." केमिस्टने तक्ता काढून पाहिलं. जगभरच्या जाणत्या लोकांनी त्या आठवड्यात जो आकडा लावला होता, तोच बाईंनी आकडा न लावता सांगितला होता. "बाई," तो म्हणाला, "तुमचा डोळा इथे कापडावर वाया चाललाय."

डोळा कापडावर काही वाया जात नव्हता, पण तेव्हापासून तो वरही लागला. बाईंचे यजमान सुतार. त्यांनी दुर्बिणीसाठी लाकडाची पेटी, फिरती बैठक आणि बाईंच्या उंचीचं स्टूल करून दिलं. बारा इंची आरसा बाईंनी दोन वर्षं पैसे साठवून आणला. त्यालाही आता तीस वर्षं झाली.

धूमकेतूचा उजेड मोजणं म्हणजे काय, हे एकदा सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं त्यासाठी यंत्र असतं. यंत्र असतं, पण कॅमेऱ्यात बहुधा मधला गाभाच नीट मोजला जातो. भोवतीचं सबंध धुकं किती उजळ आहे, ते अजूनही डोळ्यालाच चांगलं कळतं. आधी धूमकेतूकडे बघायचं आणि तो उजेड मनात धरून ठेवायचा. मग जवळचा ओळखीचा तारा घ्यायचा, भिंग मागे सरकवून तो पसरट करायचा, धूमकेतूएवढा फुगवायचा, आणि मनातल्या उजेडाशी ताडून बघायचा. कोण उजळ, कोण फिका? असे दोन-तीन तारे झाले की आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा, तितकी वस्तू फिकी. थोडक्यात काय, एका कापडावरून नजर उचलून दुसऱ्या कापडावर ठेवेपर्यंत छटा डोक्यात जशीच्या तशी राहिली पाहिजे. बाईंना त्यात शिकण्यासारखं काही वाटलंच नाही.

हे आकडे जायचे सरांकडे. सर म्हणजे लांबच्या शहरातले गणिताचे निवृत्त मास्तर. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवरचा खोकला ओळखीचा होता. जगभरच्या वीस-पंचवीस हौशी लोकांचे आकडे ते गोळा करत, उजेडाच्या चढउताराची रेघ काढत, आणि इतरांनी मोजलेल्या जागांवरून धूमकेतूची वाटही मांडत. दर पंधरवड्याला त्यांच्याकडून कागद यायचा: अमुक तारखेला धूमकेतू अमुक जागी असेल.

आणि तो तिथे असायचा. तीस वर्षं झाली तरी बाईंना याची सवय झाली नाही. कुठल्यातरी खोलीत बसून एक खोकणारा म्हातारा कागदावर जागा लिहितो, आणि जिथे कुणीही नाही, वाट नाही, खूण नाही, अशा काळोखात ती वस्तू बरोबर त्या जागी येऊन उभी राहते. प्रत्येक वेळी बाईंच्या अंगावर काटा यायचा. त्या पाया पडणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण स्टुलावरून उतरताना एकदा मान लववत.

यंदाचा धूमकेतू तर खासच होता. सापडला तेव्हा फारच लांब होता. पहिल्या महिन्यात सरांनी कळवलं, "कक्षा अजून कच्ची आहे, वाट बघा." मग जसजशा जागा मोजून येत गेल्या, तसतशी ती वाट उलगडत गेली आणि उलगडतच राहिली. तिचं दुसरं टोक वळून मिळेचना. शेवटी सर म्हणाले, "बाई, ही रेघ मिटत नाही. तो येणार, सूर्याला वळसा घालणार आणि जाणार. परत नाही."

बाईंनी खाली येऊन यजमानांना सांगितलं, "एकदाच येणाराय हो तो. कायमचा जाणार."

"मग चहा तरी विचार त्याला," यजमान रंध्यावरून मान न उचलता म्हणाले.

अगदी जवळ आला तेव्हाही तो पृथ्वीपासून सूर्याच्या तिप्पट लांब होता. तिथून निघालेला उजेड गच्चीवर पोचायला पंचवीस मिनिटं लागत. चहा करून, पिऊन, कप विसळून होतो तेवढ्या वेळात. ते धुक्याचं बोट बाई चौदा महिने बघत होत्या. आधी पहाटे उठून, मग तो सरकत सरकत संध्याकाळच्या आकाशात आल्यावर जेवणं आटोपून.

आणि मग त्यांचे आकडे घसरायला लागले.

रेघ सांगत होती की धूमकेतू अजून काही महिने आहे तसाच उजळ राहायला हवा. बाईंच्या वहीत तो साडेअकरावरून बारावर गेला, मग सव्वाबारा, मग साडेबारा. धुक्याचा पसाराही आटत निम्म्यावर आला. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे जसं दिसलं तसं लिहिलं आणि पाठवलं.

एका बुधवारी सरांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "बाई, तो फुटतोय."

"कोण?"

"कोण काय, आपला धूमकेतू! आतला गोळा ढासळत असणार. मला आधी तुमचे आकडे खरे वाटेनात. पण आणखी एकाचे तसेच आहेत. तो परदेशातला बेकरीवाला नाही का, आपला जुना माणूस? त्याचीही रेघ तुमच्याच रेघेवरून चाललीय. तुम्ही एकमेकांना ओळखतही नाही. दोन साक्षी झाल्या. शुक्रवारी सकाळी मी सूचना काढतोय. मोठ्या दुर्बिणी तिकडे वळतील. आणि पहिलं नाव तुमचं असेल."

बाईंनी फोन ठेवला. तीस वर्षांत अडीच हजार आकडे, आणि एकाही कागदावर त्यांचं नाव वीस-पंचवीस नावांच्या यादीखेरीज कुठे नव्हतं. त्यांना त्याची खंत होती का? होती. कुणाला सांगितली नव्हती, एवढंच. त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि यजमानांनी ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी, यजमान लेकीच्या कपाटाची दारं रंगवून बसले होते. दोन्ही दारं पांढरी. सुताराच्या घरात शिरस्ता असा, की रंग झाला की बाईंनी पास करायचा. "ये गं, बघून घे. मग वाळत ठेवतो."

दारं भिंतीला टेकवून उभी होती. मधल्या फटीतून मागची बाजू बघायला बाई वाकल्या, आणि एका दाराची कड त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे आली. समोरचं दार दिसलं ते नुसत्या उजव्या डोळ्याने.

"हे पिवळट आलंय," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच. एका डब्यातला रंग, एका ब्रशने, एका हाताने."

"पिवळट म्हणजे पिवळट. नवव्या नंबरची छटा आहे ही. तुम्ही दुसऱ्या नंबरची लावली होती."

"अगं, सरळ उभी राहून तर बघ!"

बाई सरळ झाल्या. दार पांढरंशुभ्र होतं. पुन्हा वाकल्या. पिवळट. मग त्यांनी हाताने डावा डोळा झाकला. सगळी खोली फिकट चहात बुडवून काढल्यासारखी झाली. उजवा झाकला. खोली धुऊन निघाली. डावा. उजवा. डावा.

त्या रंगाच्या डब्यावर बसल्या. डब्याचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, पण ते उठल्यावर पातळ बघून कळणार होतं.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"मी त्याला उजव्या डोळ्याने बघते," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं. फक्त उजव्या."

कळलं ना? कापडाला तीन दिवे लावल्याशिवाय जिने कधी "हो" म्हटलं नाही, त्या बाईने आकाशाला एकच डोळा लावला होता. स्टूल उजव्या डोळ्यासाठी केलेलं, बैठक उजव्या डोळ्यासाठी, डावा मिटायची सवय पक्की. दिवसभर दोन्ही डोळे मिळून काम करत, त्यामुळे उजव्यावर चढलेला मळ कुठे जाणवलाच नाही; आणि शेडचं काम सुटूनही दोन वर्षं झालेली.

बाईंनी वही काढली. प्रत्येक दिवशीच्या आकड्यापुढे एक रकाना असे: आज दिसलेला सगळ्यात फिका तारा. गेल्या पाच महिन्यांत तो रकानाही घसरत आला होता, आणि प्रत्येक वेळी बाईंनी शेजारी कारण लिहिलं होतं. "हवा धुरकट." "चंद्र आहे." "समोरच्या इमारतीचा नवा दिवा." त्या दिव्यावरून तर त्या समोरच्या रखवालदाराशी तीनदा कचाकचा भांडल्या होत्या. ठळक ताऱ्यांकडे बघताना फारसा फरक पडत नाही. तारा टोकदार असतो, मळक्या काचेतूनही टोचतो. पण धूमकेतूची पातळ कड पुसली जाते, आणि कड पुसली की तो लहान दिसतो, फिका दिसतो, ढासळतोय असं वाटतं.

संध्याकाळ व्हायची होती. आकाश निरभ्र होतं. बाई कधी नव्हे ते उजेड असतानाच गच्चीवर जाऊन बसल्या, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्यांनी एकदा म्हटलं की फुटलेला असू दे. मग स्वतःचीच शरम वाटून त्यांनी पदराने भिंग पुसलं.

अंधार पडला. कागदावरची जागा त्यांनी शोधली. आधी उजवा डोळा: एक लहानसा, थकलेला डाग. साडेबारा. मग स्टुलावर आडवं बसून, नाक वाकडं करून त्यांनी डावा डोळा लावला. काहीच दिसेना. कधी न राबलेला डोळा तो, त्याला कुठे बघायचं ते कळत नव्हतं. फिकी वस्तू कडेच्या नजरेलाच आधी दिसते, म्हणून बाईंनी नजर थोडी कडेला नेली आणि थांबल्या.

तो आला. आधी मधला भाग आणि मग हळूहळू त्याच्याभोवती, उजव्या डोळ्याने पाच महिने न दिसलेलं सगळं: रुंद, मऊ, काठाकाठाने विरत जाणारं धुकं. तो कुठेही फुटला नव्हता. काही आटलं नव्हतं. गणिती मास्तरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या तारखेला, तो अखंड उभा होता आणि आपल्या परत न येण्याच्या वाटेवर चालत होता. खाली कुणाचा डोळा मळला, कुणाचं नाव छापायचं, याचा त्याला पत्ताही नव्हता. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला होता, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते त्यांना कळेना. डोळे पुसून त्यांनी शिस्तीत तीन तारे ताडले. अकरा पूर्णांक सहा.

खाली येऊन त्यांनी फोन लावला.

"सर, सूचना थांबवा. तो धडधाकट आहे. फुटलाय माझा डोळा."

सगळं ऐकून सरांनी विचारलं, "किती आकडे मागे घ्यायचे?"

"एकतीस. पाच महिन्यांचे. रकान्यात तारा घसरायला लागला त्या दिवसापासून."

"सुरुवातीचे पाच-सात चालतील, बाई. जवळपास सारखेच आहेत."

"सर," बाई म्हणाल्या, "ते शब्द माझ्याशी बोलू नका."

सर खोकले. "पण एक सांगा. तुमच्या एकटीचे आकडे असते तर मी थांबलोच असतो. बेकरीवाल्याचं काय? त्याचीही तीच रेघ आहे."

"त्यांचं वय काय हो?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"एकाहत्तर," सर म्हणाले.

"त्यांना म्हणावं, एक डोळा झाकून पीठ बघा. मग दुसरा झाकून बघा."

शुक्रवारी सकाळी सूचना निघाली नाही. दुपारी बेकरीवाल्याचं उत्तर आलं. सरांनी ते बाईंना वाचून दाखवलं. "माझा मैदा उजव्या डोळ्याला गव्हाच्या पिठासारखा दिसतो. चाळीस वर्षं मी रोज पीठ बघतो आणि मला हे कळलं नाही. माझेही आकडे काढून टाका. त्या बाईंना सांगा, काल रात्री डाव्या डोळ्याने बघितला. तो आहे. सगळा आहे." जगाच्या दोन टोकांना दोन म्हातारी माणसं एकमेकांना न ओळखता एकाच वेळी एकसारखी चुकली होती, आणि त्यालाच साक्ष म्हणतात असं शहाण्या माणसांना वाटलं होतं. बाई खूप हसल्या. मग वहीत एकतीस ओळींवर तांबड्या पेनाने आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली. संध्याकाळी समोरच्या इमारतीत जाऊन त्या रखवालदाराची माफी मागून आल्या. तो इतका गोंधळला की त्याने दिवा कायमचा बंद केला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं. धूमकेतू तोवर मावळतीकडे झुकला होता. आणखी थोडे दिवस, की तो सांजेच्या उजेडात बुडणार, आणि पुन्हा काळोखात निघेल तेव्हा कुणाच्याही डोळ्याच्या पलीकडे गेलेला असणार. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. बाईंनी दिवस मोजले. परवानगी मिळाली त्या संध्याकाळी त्या यजमानांचा हात धरून गच्चीवर चढल्या.

उजव्या डोळ्याला आता सगळं इतकं पांढरं दिसत होतं की चांगला म्हणवला जाणारा डावा डोळाच पिवळट वाटू लागला होता. म्हणजे तोही कणभर मळलेला होता तर. मग खरा पांढरा कुठला? बत्तीस वर्षं सतरा छटा मांडून दाखवणाऱ्या बाईंना आता हा प्रश्न पडला. त्यांनी वहीत डाव्या डोळ्याने घेतलेल्या प्रत्येक आकड्यापुढे तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

मग त्यांनी नवा डोळा लावला. क्षितिजालगत, इमारतींच्या टाक्यांच्या जरा वर, तो होता. फिकट, बारीक, जाता जाता. बाई बराच वेळ बघत राहिल्या, आकडा घेतला आणि स्टुलावरून उतरल्या.

"अहो, तुम्ही बघा. शेवटचाच."

यजमान नेहमीसारखे वाकले, दोन सेकंद थांबले आणि नेहमीसारखं म्हणाले, "दिसला. छान आहे." मग उभे राहिले नाहीत. तसेच वाकलेले राहून हळूच म्हणाले, "नाही गं. नाही दिसला. आजवर एकही दिसला नाही मला. तीस वर्षं नुसतं हो म्हणत आलो."

"माहितेय मला," बाई म्हणाल्या. "दोन सेकंदांत कुणाला दिसतो होय? बसा स्टुलावर. सरळ बघू नका. कडेला बघा आणि गप्प बसा."

यजमान बसले. बाईंनी पेटीच्या कडेला, त्यांनीच तीस वर्षांपूर्वी रंधून दिलेल्या लाकडावर, बोटाने हलकेच टिचकी मारली. स्थिर असताना न दिसणारी वस्तू हलली की दिसते, हे बाईंना ठाऊक होतं. एकदा. दोनदा.

खालच्या रस्त्यावरून एक बस गेली. यजमान हलले नाहीत. मिनिट गेलं, दोन गेली.

"अगं," ते एकदम कुजबुजले, आणि त्यांचा हात मागे येऊन बाईंचा हात शोधू लागला, "अगं, आहे की तिथे काहीतरी!"